स्मरणार्थ आलेला शिधा

माणूस उपाशी आहे हे ओळखायला आमच्या कामात फार दिवस लागत नाहीत. सुकलेले ओठ, खाली गेलेला आवाज, लेकरांचं गप्प बसणं, यावरून ते कळतं. पण आपण पुढे केलेली पिशवी तो घेईल की नाही, हे इतकी वर्षं काढूनही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी परभणीच्या एका संस्थेत काम करते. ‘करत होते’ असं लिहायला हवं, कारण नुकतीच निवृत्त झाले. पण तसं लिहायला हात अजून वळत नाही. संस्थेचं काम दोन प्रकारचं. पूर, दुष्काळ, आग, साथ असं काही आलं की शिधा पोचवायचा. संकट ओसरलं की त्याच घराला पुन्हा कमावतं करायला हातभार लावायचा. पहिल्या कामाचे फोटो निघतात. दुसऱ्याचे निघत नाहीत, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं: एक बाई, एक शेळी, आणि ती शेळी जगते का याची आम्हाला लागलेली धास्ती.

मी सेलूची. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. हंगामात घरी यायचे तेव्हा केस, भुवया, मिशा सगळं कापसाच्या तंतूंनी पांढरं झालेलं असायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शाळेतल्या बाईंनी स्वतःची जुनी पुस्तकं दिली, एका मावशीनं परभणीत राहायला कोपरा दिला, म्हणून मी पदवीधर झाले. निकालाच्या दिवशी वडिलांनी जिनिंगमध्ये पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, “पोरगी आता खुर्चीवर बसून काम करणार.” खुर्ची काही लाभली नाही. जीपची पुढची सीट लाभली. पण शिकवणाऱ्यांचे उपकार मी कधी विसरले नाही, आणि त्या उपकारांनीच मला कायम अस्वस्थ ठेवलं. आपल्याला मिळालं, समोरच्या पोरीला मिळेल का, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की निघत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, भुकेल्याला काहीही चालतं. एकदा मोठ्या शहरातून आलेल्या खोक्यांत मॅक्रोनी निघाली. जिंतूरकडच्या एका वस्तीवर ती वाटली. पुन्हा गेले तेव्हा एका आजीनं मला हाताला धरून गोठ्यात नेलं. टोपल्यात मॅक्रोनी तशीच पडलेली.

“शेळीला घातली बाई,” आजी म्हणाली. “तिनं वास घेतला आन् माझ्याकडंच बगायली.”

शेळीवरून आठवलं. सुरुवातीच्या काळात एका जोडप्याला आम्ही दोन शेळ्या दिल्या होत्या. दिवाळीनंतर पाहणीला गेले तर घराला कुलूप, गोठा रिकामा. शेजारणीला विचारलं, शेळ्या विकल्या का?

“विकतील कशाला?” ती म्हणाली. “शेळ्या बी तोडीला गेल्या.”

खरंच गेल्या होत्या. ऊसतोडीच्या ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं आणि आमच्या शेळ्या. उन्हाळ्यात परत आल्या त्या बरगड्या मोजाव्यात अशा. तेव्हा कळलं, आमच्या जिल्ह्यात कुठलंही साहाय्य असो, त्याला ऊसतोडीची टोळी निघण्याच्या दिवसांतून पार पडावं लागतं. दसरा-दिवाळी झाली की कितीतरी घरं अर्धी रिकामी होतात. मागे उरतात म्हातारी माणसं.

ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे सहसा नवरा-बायको. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं पाचट काढून मोळी बांधायची, मग डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्याला टोळीत घ्यायला मुकादम नाखूष असतो.

रुक्मिण हा असा अर्धा कोयता. गंगाखेड तालुक्यात गोदावरीच्या काठाला तिचं गाव. तिचा नवरा तोडीवर असतानाच उसाचा ट्रॅक्टर अंगावर उलटून वारला. त्यानंतर ती धाकट्या भावाबरोबर जोडी लावून जायची. भावाचं लग्न झालं आणि त्याची जोडी त्याला मिळाली. रुक्मिणच्या घरात उरल्या तिघी: ती, सासू आणि दहावीत गेलेली मुलगी वैशाली. गावात असं झालं की पुढचं सगळ्यांना पाठ असतं. आईची जोडी म्हणून पोरगी उसाच्या फडात जाते, शाळा सुटते, आणि एक-दोन हंगामांत तिचं लग्न लावून दुसरा कोयता तयार होतो.

रुक्मिणनं यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. गल्लीतच कौसाबाई नावाची एक एकटी बाई होती. तिचीही जोडी मोडलेली. दोघींनी मिळून कोयता करायचा, वैशालीनं आजीजवळ राहून दहावी द्यायची, असं ठरलं. मुकादम नामदेव हा रुक्मिणच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. दोन बायांचा कोयता म्हटल्यावर त्यानं नाक मुरडलं, पण हो म्हणाला. मला हे रुक्मिणनं सांगितलं तेव्हा मी वैशालीला अपेक्षित प्रश्नसंच नेऊन दिला होता. मुलगी हुशार होती असं मी म्हणणार नाही. चिवट होती. गणिताला बसली की ओठ चावत बसायची आणि उत्तर चुकलं की पानालाच डोळे वटारायची.

हे ठरलं आणि पाऊस सुरू झाला.

गेल्या वर्षीचा पाऊस आमच्याकडे कुणी विसरणार नाही. सोयाबीन उभ्या जागी काळं पडलं. नदीचं पाणी ओढ्यातून उलटं गावात शिरलं आणि खालच्या आळीतली सगळी घरं पाण्यात गेली. माणसं उंचावरच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन राहिली. रस्ता खुला होईपर्यंत पलीकडच्या गावानं चुरमुरे, बिस्किटं काय ती पोचवली. आम्ही परभणीत शिधा गोळा करत होतो. सेलूच्या एका व्यापाऱ्यानं मोठ्या मनानं सगळा भार उचलला. चांगला गहू दळून आणला, तूरडाळ, तांदूळ, गूळ, तेल, मीठ, हळद. त्यांच्या माणसांनी रात्रंदिवस बसून पिशव्या भरल्या आणि टेम्पो थेट आमच्या दारात आणून लावला. इतक्या स्वच्छ, एकसारख्या पांढऱ्या पिशव्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

आमचे ड्रायव्हर चाँदभाई आणि मी टेम्पोच्या पुढे जीप घेऊन निघालो. वाटेत दोनदा पाण्यातून गाडी काढावी लागली. शाळेच्या पटांगणात पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. व्हरांडाभर माणसं बसलेली. मला वाटलं, आता झुंबड उडेल. मी बायकांची रांग वेगळी, म्हाताऱ्यांची वेगळी असं ओरडायच्या तयारीत होते.

कुणी उठलं नाही.

चाँदभाईंनी टेम्पोचं फळकं पाडलं, एक पिशवी उचलून पुढच्या बाईसमोर धरली. तिनं पदर सावरला आणि मान वळवली. दुसरीनं लेकराला मागे ओढलं. चाँदभाई परत माझ्याकडे आले.

“मॅडम, कुछ तो गडबड है. भुके हैं लोगां, पन हात नै लगा रे.”

मी व्हरांड्यात गेले. खांबाला टेकून एक म्हातारे बसले होते. त्यांना विचारलं, बाबा, काय झालं? त्यांनी टेम्पोकडे बोट केलं.

“ते चित्र कोणाचं हाय?” त्यांनी विचारलं.

मी वळून पिशवीकडे पाहिलं. तिच्यावर त्या व्यापाऱ्याच्या वडिलांचा फोटो छापला होता. फोटोला छापलेलाच हार. खाली ‘कैलासवासी’ लिहून नाव, आणि ‘यांच्या स्मरणार्थ’. शहरात बाकड्यांपासून पाणपोईपर्यंत सगळीकडे आपण हे वाचतो, त्यामुळे आमच्या कुणाच्या डोळ्यांना ते टोचलंच नव्हतं. आणि दिवस पितृपंधरवड्याचे. वडिलांची तिथी त्याच आठवड्यात येते, तर पुण्य त्यांना लागावं, एवढीच त्या भल्या माणसाची इच्छा.

पण गावातल्या माणसाला दिसत होतं ते वेगळंच. पितृपंधरवड्यात मेलेल्याच्या नावानं कोरडा शिधा काढतात: पीठ, डाळ, गूळ, मीठ. तो घेणारे ठरलेले असतात. बाकी कुणी तो घरात नेत नाही, कारण शिध्याबरोबर ज्याच्या नावाचा तो आहे तोही घरात येतो, अशी समजूत.

“ताई,” ते म्हातारे शांतपणे म्हणाले, “आमचं घरच पाण्यात हाय. त्यात दुसऱ्याचं मेलेलं माणूस आमी कुठं न्यावं?”

माझ्या तोंडाशी सगळं शिक्षण गोळा झालं. अंधश्रद्धा, विज्ञान, लेकरांची भूक. मी बोलायला सुरुवातही केली. एक तरुण बाई फटकन म्हणाली, “मंग तुमी न्या की तुमच्या घरी.” दोघीतिघी हसल्या. पोरं पिशव्यांकडे बघत होती आणि आया त्यांच्या डोळ्यांवर जवळजवळ हात ठेवत होत्या. त्या पटांगणात मी किती येरझारा घातल्या असतील! पिशव्या बदलून आणायच्या तर परभणी गाठायला हवी, आणि ओढा पुन्हा चढायला लागला होता.

तेवढ्यात मागच्या वर्गातून रुक्मिण आली. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. तिनं एकदा टेम्पोकडे, एकदा बायकांकडे पाहिलं.

“काय तमाशा लावलाव?” ती म्हणाली. “आणा इकडं. माझ्या घरात एक पित्र हायच. आजून एक आला तर दोगं मिळून जेवतील.”

कुणी हसलं नाही. तिची सासू आतून ओरडली, “रुक्मे, हात लावू नको!” तोवर तिनं पहिली पिशवी काखेत मारली होती.

मग तिनं शाळेच्या खिचडीची मोठी पातेली बाहेर काढली. पिशव्या तिनंच एकेक फोडल्या, डाळ-तांदूळ ताडपत्रीवर ओतले, आणि रिकाम्या पिशव्या उलट्या करून ढिगाला टाकल्या. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, “तुमी नका. जे काय लागायचं ते एकीलाच लागू द्या.” सरपण ओलं होतं, चाँदभाईंनी जीपमधलं डिझेल शिंपडून चूल पेटवली. खिचडीला उकळी आली तसा हळदीचा वास पटांगणभर पसरला, आणि माणसं आपोआप ओळीनं बसली. पोरं आधी, मग म्हातारी, मग सगळे. तो खांबाला टेकलेला म्हातारासुद्धा जेवला. मी बिचकत विचारलं, बाबा, आता चालतं का?

“शिजवल्यावर ती पंगत झाली,” ते म्हणाले. “घेतलं तिनं. आमी निस्तं खाल्लं.”

त्या वाक्याकडे तेव्हा माझं लक्ष जायला हवं होतं. मी नुसती आनंदात होते. परतीच्या वाटेवर चाँदभाईंना दहा वेळा म्हटलं असेन, काय बाई आहे! त्यांनी प्रत्येक वेळी मान हलवली आणि शेवटी म्हणाले, “हौ मॅडम, बाई भारी है. पन गाव छोटा है.”

पाणी उतरलं, माणसं घरी गेली. दसऱ्याच्या सुमाराला मी घरांच्या पाहणीसाठी पुन्हा गेले. रुक्मिण भिंतीला माती लिंपत होती. मला बघून थांबली नाही. वैशाली आत होती, दप्तर खुंटीला.

“कौसानं सोडलं,” रुक्मिण म्हणाली. “दुसरीसंगं जोडी लावली. मंग आता हिलाच न्यावं लागतंय.”

“का सोडलं?”

“तुमाला ठाव न्हाई?” तिनं मातीचा गोळा भिंतीवर आपटला. “मी पित्राचा शिधा घेतला न्हवं का.”

मी तशीच कौसाबाईकडे गेले. ती उंबऱ्यात शेंगा फोडत होती. तिनं मला बसायला पोतं दिलं, चहा ठेवला. मी समजावत राहिले. ती ऐकत राहिली.

“ताई, तुमचं शिक्षण लय,” ती म्हणाली. “तुमाला काय लागत न्हाई. आमाला लागतं.”

“कौसाबाई, खिचडी तुम्हीही खाल्लीत.”

“खाल्ली. न्हाई म्हनत न्हाई. चवबी चांगली व्हती.” तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “पर फळीवरून मोळी घिऊन चडायचं आसतं ताई. खाली ती, वर मी. फडात साप निगतो. तिथं मनात पाल चुकचुकली की पाय घसरतोच. तिचा नवरा कसा गेला ठाव हाय ना? मला तिच्या पोरीसाठी वंगाळ वाटतं, खोटं कशाला बोलू. पर माझ्या पाठीमागं बी कोनी न्हाई.”

मी तिला अडाणी म्हणू शकले नाही. ज्या कामात एक पाय सरकला तर माणूस जातो, तिथं ज्याच्याबद्दल मनात शंका नाही असा जोडीदार हवा हे मला समजत होतं. पण त्या समजण्यानं वैशालीचं दप्तर खुंटीवरून खाली येणार नव्हतं. आमच्या पिशवीनं पटांगणातली भूक भागवली होती आणि एका पोरीची दहावी नेली होती. परभणीला आल्यावर मला जेवण जाईना. घरात एक काम धड होईना. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवायचं आणि गच्चीत जाऊन उभं राहायचं.

मला एकच गोष्ट परत परत दिसत होती: एवढी पातेली, ओलं सरपण, आणि ती एकटी बाई गाव जेवू घालते आहे. ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरांची गंगाखेडजवळच्या साखर कारखान्याच्या रस्त्याला रांग लागते. ड्रायव्हर तासन्‌तास ताटकळतात. तिथं वडापाव मिळतो, चहा मिळतो, भाकरी मिळत नाही. ज्वारीची गरम भाकरी, पिठलं, ठेचा. ते लोक बाहेरगावचे. रुक्मिणनं तिथं चूल मांडली, तर कुणाच्या हाताला काय लागलं आहे, हे ते विचारत बसणार नाहीत.

वरच्या कार्यालयातल्या एका साहेबांनी फोनवर विचारलं, पूरग्रस्तांना शिलाई मशिन द्यायचं ठरलं आहे, मग ही चूल कुठून आली? मी म्हटलं, सर, त्या भागात आता कपड्यांपेक्षा शिंपी जास्त झालेत. ते हसले आणि हो म्हणाले. माणसं हसली की आमची निम्मी कामं होतात. रस्त्याकडेच्या एका चहावाल्यानं आपल्या पत्र्याखाली जागा देऊ केली. मी शेगडी, तवे, पहिल्या काही दिवसांचं ज्वारीचं पीठ जमवलं आणि जीपमध्ये घालून गावात गेले. रुक्मिणला निरोप दिला होता, पण तिचं उत्तर आलं नव्हतं.

गेले तर पारापाशी ट्रक उभा. टोळी त्याच दुपारी निघत होती. पत्रे, बांबू, पाण्याचे ड्रम, पिंजऱ्यात कोंबड्या. कौसाबाई वर चढून बसली होती. रुक्मिणचं बोचकं बांधून ट्रकच्या चाकाजवळ ठेवलेलं, शेजारी वैशाली. तिच्या हातात दप्तर नव्हतं, पाण्याची कळशी होती.

रुक्मिणनं जीपमधल्या सामानाकडे पाहिलं. “ताई, तुमी सांगा,” ती म्हणाली. “भाकऱ्या खपतील का?”

आमच्या कामाचा पहिला नियम: खोटं आश्वासन द्यायचं नाही. तो नियम मी नव्या मुलांना कितीदा शिकवला असेल. त्या क्षणी तो मला अगदी नकोसा वाटला.

“मला माहीत नाही रुक्मिण,” मी म्हटलं. “खपाव्यात असं वाटतं. सामान आणलंय. पण खपतीलच असं नाही सांगता येत.”

नामदेव मुकादम ट्रकच्या फळीला हात लावून उभा होता. “ऐकलं का वैनी? मॅडमलाच ठाव न्हाई!” ट्रकवरची माणसं हसली. तो पुढे आला. आवाजात दम नव्हता, समजूत होती. “हे बग, मी जागा ठिवली हाय तुजी. लोकं काय बी म्हनू द्यात. पोरगी हाय संगं, तुमी मायलेकी एक कोयता. कारखान्यावर शाळा बी आसतीय.”

दहावीची नसते, हे मला माहीत होतं. त्यालाही असावं. वैशाली कळशीकडे बघत उभी होती.

“चल वैनी, उशीर व्हायलाय. पक्कं काम सोडून कोनी भाकरीच्या मागं लागतं का?”

“पक्कं?” रुक्मिण म्हणाली. “भावजी, तुमच्या भावाचं बी कामच पक्कं व्हतं.”

नामदेव दोन पावलं मागे सरला. रुक्मिणनं बोचकं उचललं आणि काखेला मारलं.

“जा तुमी,” ती म्हणाली.

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. तेवढ्यात कौसाबाईनं वरून हाक मारली, “आगं थांबवा!” आणि सामानातून ओढून एक लाकडी काठवट काढली, भाकरीचं पीठ मळायची. खाली वाकून तिनं ती धरली. रुक्मिणनं हात वर केला, पण कौसाबाईनं काठवट तिच्या हातात दिली नाही. फळीवरून घसरवत खाली मातीवर सोडली.

“आमाला दोघींत एकच पुरती,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

रुक्मिणनं ती उचलली, पदरानं पुसली. ट्रक वळणाआड गेला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिघी उभ्या होतो. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता वगैरे काही नव्हतं. राग होता म्हटलं तरी चालेल.

“आता तुमी कुठं जाऊ नका,” ती म्हणाली.

पहिले काही दिवस भाकऱ्या खपल्या नाहीत. चहावाला रोज संध्याकाळी उरलेल्यांतली एक विकत घ्यायचा, दया म्हणून, आणि रुक्मिण त्याला ती शिव्या घालत द्यायची. मी एक दिवसाआड जायचे. ड्रायव्हर लोक यायचे, बघायचे, वडापाव घेऊन जायचे. मग एका थंडीच्या सकाळी एक ट्रॅक्टरवाला शेगडीपाशी हात शेकायला थांबला. रुक्मिणनं तव्यावरची भाकरी त्याच्या तळहातावर ठेवली, वर ठेचा.

“कुठल्या गावच्या, मावशी?” त्यानं विचारलं.

तिनं गावाचं नाव सांगितलं.

“त्या पुरात बुडालेल्या?”

“व्हय.”

“लय हाल झाले आसतील.” त्यानं घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचं. “मागं आमची सात-आठ ट्रॅक्टरं उभी हायत. त्यान्ला धाडतो.”

साहाय्याला मुदत असते. आमची मुदत उन्हाळ्याआधी संपली, कारखाना थोडा नंतर बंद झाला. वैशालीनं दहावी दिली. गणितात ती जेमतेम निघाली, पण निघाली. आता गंगाखेडला अकरावीत जाते. रुक्मिणनं पावसाळाभर स्टँडजवळच्या एका खानावळीला भाकऱ्या पुरवल्या. हे सगळं लिहिताना चांगलं वाटतं, तरी मन स्थिर होत नाही. यंदा ऊस कमी आहे म्हणतात. चहावाल्याची जागा राहते की जाते, कुणाला माहीत. गावात अजून हळदी-कुंकवाला तिला बोलावत नाहीत. विधवा म्हणून आधीही बोलावत नव्हते, पण आता बारशाच्या घुगऱ्याही तिच्या दारात येत नाहीत. आणि मुकादम पुन्हा फिरायला लागले आहेत. ट्रकवरून एकदा उतरलेल्या बाईला दर वर्षी नव्यानं उतरावं लागतं.

निवृत्त झाल्याचं सांगायला मी परवा तिच्याकडे गेले. माझ्या जागी आलेल्या मुलीचा फोन नंबर तिला दिला. ती भाकरी थापत होती. सासूला आता नीट दिसत नाही. ती नुसती बसून पीठ चाळत होती.

“बदली झाली का?” रुक्मिणनं विचारलं.

“बदली नाही. रिटायर झाले.”

“म्हंजे?”

“म्हणजे आता काम नाही. घरीच.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी अगदी खुळ्यासारखं बोलले आहे.

“मंग या की सकाळच्याला. भाकरी येतीय ना थापायला? मला एक हात कमी पडायलाय.”

सासू हसली. मीही हसले. पण एसटीत खिडकीशी बसले आणि मनात हिशेब सुरू झाला. कारखाना सुरू झाला की ट्रॅक्टरांची रांग पहाटेपासून लागते. तोवर निदान पीठ मळून तयार हवं. परभणीला स्टँडवर उतरल्या उतरल्या मी आधी चौकशीच्या खिडकीशी गेले आणि गंगाखेडला जाणारी पहिली गाडी कितीला सुटते, ते विचारून घेतलं.